ऊन पडलं, मग धोका कसला?

प्रश्न : आमची मुलगी सह्याद्रीत भरपूर भटकली आहे. कळसूबाई, साल्हेर, हरिहर तिच्या पायाखालचे आहेत. येत्या जानेवारीत ती मैत्रिणींबरोबर उत्तराखंडात केदारकंठाला, बर्फातल्या ट्रेकला निघाली आहे. हिमस्खलनाच्या बातम्या वाचून आमच्या पोटात गोळा येतो. ती म्हणते, ‘बर्फ पडत असताना तंबूत बसायचं, ऊन पडलं की चालायचं, मग धोका कसला?’ शेजारचे काका म्हणतात, डोंगरात मोठ्याने बोललं तरी बर्फ कोसळतो, तेवढं सांभाळा म्हणजे झालं. हिमस्खलन म्हणजे आपल्याकडे दरड कोसळते तसंच ना? आणि आम्ही ऐकावं कुणाचं?
— एक वाचक, द्वारका, नाशिक

उत्तर : पत्र एकच, पण त्यात शंका चार आहेत. हिमस्खलन आणि दरड एकच का? ऊन पडल्यावर धोका टळतो का? आवाजाने बर्फ कोसळतो का? आणि न विचारलेली चौथी, सह्याद्रीतला सराव बर्फात किती कामाला येतो? या चौथीपासूनच सुरुवात करू, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरे तिच्यात अडकलेली आहेत.

सह्याद्रीने दिलेला दम, तोल आणि पायातली ताकद हिमालयात जरूर उपयोगी पडते. पण धोका ओळखण्याची जी नजर सह्याद्रीत तयार होते, ती बर्फात बऱ्याचदा उलटी चालते. जिथे भीती वाटायला हवी तिथे निर्धास्त वाटते आणि जिथे फारसे काही होणार नसते तिथे उगाच छाती धडधडते. हे कसे, ते पाहू.

आधी दरड. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या तिन्ही दुर्घटना जुलैतल्या आणि मुसळधार पावसातल्या. पाणी मुरते, माती जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते आणि उतार खाली येतो. यावरून आपण तीन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या आहेत. पाऊस जोरात असताना धोका जास्त, कडा जितका उभा तितका धोका जास्त, आणि दरड आपल्या मनाने कोसळते, चार माणसे त्यावरून चालली म्हणून नव्हे. दरडीपुरते हे ढोबळमानाने ठीक आहे. बर्फात यातली एकही गोष्ट जशीच्या तशी लागू पडत नाही.

कारण डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. तो थराथरांनी साठतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला बर्फ पडतो, मग आठवडा-दोन आठवडे आकाश निरभ्र राहते, मग पुन्हा बर्फ पडतो. मधल्या कोरड्या, कडाक्याच्या दिवसांत आधीच्या थरात बदल होत राहतात. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, तर वरचा पृष्ठभाग रात्री उणे दहा-पंधरापर्यंत गार पडतो. या फरकामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि मूळचे नाजूक, एकमेकांत गुंतलेले कण जाडसर, टोकदार, सुटे होतात. बर्फाचा थर पातळ असेल तर हा बदल जास्त वेगाने होतो. म्हणजे ‘थंडी कडाक्याची आहे, त्यामुळे बर्फ घट्ट असणार’ आणि ‘यंदा बर्फ कमीच आहे, त्यामुळे काळजी नाही’ हे दोन्ही समज फसवे आहेत. थोडा बर्फ आणि कडक थंडी, या जोडीतूनच सर्वात कच्चा पाया तयार होतो.

आता या सुट्या कणांवर नवा, जाड थर बसला की काय होते? पाटावर साबुदाणा पसरा, त्यावर पुठ्ठा ठेवा आणि पाट एका बाजूने हळूहळू उचला. काही वेळ पुठ्ठा जागचा हलत नाही. मग बोटाने किंचित दाबले की सगळाच्या सगळा एकदम घसरतो. हिमस्खलनाच्या जीवघेण्या प्रकारात नेमके हेच होते. वरची बर्फाची लादी सलग असते, खालचा थर कच्चा असतो, आणि कच्च्या थरात एका ठिकाणी पडलेली फट क्षणार्धात उतारभर धावते. आपण उभे असतो ती लादीच सुटते. काही सेकंदांत तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे पळून सुटण्याचा प्रश्नच येत नाही.

यात वाऱ्याचा हातभारही मोठा. डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उडवून वारा तो पलीकडच्या, आडोशाच्या अंगाला नेऊन टाकतो. आकाशातून पडला त्याच्या कितीतरी पट बर्फ तिथे साठतो, आणि वाऱ्याने ठोकून बसवलेला हा थर पायाला छान टणक लागतो. नवख्या माणसाला अशा ठिकाणी हायसे वाटते. अनुभवी वाटाड्या मात्र तिथे थबकतो, कारण टणक लादी आणि तिच्याखाली पोकळ आधार हीच तर गोम असते. कड्याच्या माथ्यावरून पुढे आलेली बर्फाची छज्जी दिसली, तर वारा कुठून कुठे वाहिला हे कळते. ती ज्या बाजूला झुकलेली असते त्या बाजूचा उतार संशयास्पद.

उताराचेही तसेच. हरिहरच्या कोरीव पायऱ्यांइतक्या उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही. पडतो तसा थोडाथोडा झडून जातो. तीस अंशांपेक्षा कमी उतारावर लादी सहसा घसरत नाही. बहुतेक लादीची स्खलने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही अडतीस अंशांच्या आसपास जास्त. म्हणजे सह्याद्रीत ज्या उताराला आपण ‘जरा चढ आहे’ एवढेच म्हणू, तो बर्फात सर्वात घातक ठरतो. मोबाइलमधल्या कोनमापक ॲपने उतार मोजता येतो. डोळ्यांच्या अंदाजावर मात्र विसंबू नये, पांढऱ्या उतारावर तो हमखास चुकतो. आणि आपण स्वतः सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा उतार आहे का, हे पाहावेच लागते, कारण सुटलेला बर्फ सपाटीवर येऊनच थांबतो.

तिसरा फरक सर्वात महत्त्वाचा. दरड कोसळायला माणूस लागत नाही. बर्फात भटकायला किंवा स्कीइंगला गेलेल्यांच्या अपघातांत मात्र दहापैकी सुमारे नऊ वेळा लादी सुटते ती सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या वजनाने. ही बातमी वाईट वाटली तरी तिच्यात दिलासा आहे. आपल्यामुळे घडणारी गोष्ट आपल्याला टाळताही येते.

आता तुमच्या मुलीचा मुद्दा, ऊन पडल्यावर निघण्याचा. हिमालयात हिवाळ्यात बर्फ आणतात ते पश्चिमेकडून येणारे चक्रावात. एक चक्रावात येतो, दोन-तीन दिवस बर्फ टाकतो आणि पुढे सरकतो. तो सरकला की आकाश लख्ख होते आणि उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली वाहू लागतात. तेच वारे पुढे आपल्यापर्यंत पोहोचतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात निफाडचा पारा घसरल्याची नोंद होते आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, तेव्हा बहुधा वर हिमालयात बर्फ पडून नुकतेच ऊन पडलेले असते. नाशिककरांच्या दृष्टीने ती फक्त थंडीची लाट. वरच्या डोंगरात मात्र हेच दिवस विशेष जोखमीचे असतात.

का, त्याची कारणे तीन. नवा थर बसून अजून एक-दोनच दिवस झालेले असतात, त्याचा खालच्या थराशी जम बसलेला नसतो. बर्फ थांबला तरी वारा थांबलेला नसतो, तो आडोशाच्या अंगावर भर घालतच असतो. आणि तंबूत अडकून कंटाळलेली माणसे स्वच्छ निळे आकाश पाहून एकदम बाहेर पडतात. कच्चा थर, वरचा बोजा आणि माणसाचे वजन असे तिन्ही एकाच दिवशी एकत्र येतात. एका दिवसात फूटभर किंवा त्याहून जास्त ताजा बर्फ पडला असेल तर पुढचा किमान एक दिवस, शक्यतो दोन, मोठ्या उतारांपासून लांब राहायचे, हा जगभरच्या बर्फाळ डोंगरांतला साधा नियम आहे. खाली कच्चा थर गाडला गेला असेल तर दोन दिवसही पुरत नाहीत, धोका आठवडे टिकतो. शिवाय ऊन तापले की दुपारी बर्फ ओला होऊन वेगळ्या प्रकारची स्खलने सुरू होतात. म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत उतार ओलांडण्याची पद्धत आहे.

काकांचा मुद्दा मात्र निकालात काढू. ओरडण्याने बर्फ कोसळत नाही. स्वित्झर्लंडमधल्या हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी याचा हिशोब मांडला आहे. माणसाच्या आवाजाने हवेत जो दाब तयार होतो, तो लादी सुटण्यासाठी लागणाऱ्या ताणाच्या तुलनेत नगण्य असतो. सुरुंगाच्या स्फोटाने बर्फ सुटतो, कारण त्याचा दाब प्रचंड असतो, आणि म्हणूनच धोकादायक उतार मुद्दाम स्फोट करून मोकळे करतात. आवाजाचा समज टिकला तो सिनेमांमुळे आणि एका योगायोगामुळे. माणूस ओरडतो तेव्हा तो बहुधा त्या उतारावर उभाही असतो. काम पायांचे असते, आळ घशावर येतो.

‘हे सगळे शिखरे चढणाऱ्यांचे आणि ऐन हिवाळ्याचे’ असेही अनेकांना वाटते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखराच्या वाटेवर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. ती प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी होती. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सर केलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांच्यात होत्या. एक वर्ष आधी, १ ऑक्टोबर २०२१ रोजी, त्रिशूल शिखरावर नौदलाची मोहीम अशीच सापडली होती. अनुभव माणसाला शहाणा करतो, पण बर्फाला समोरच्याचा अनुभव कळत नाही, आणि पावसाळा सरता सरता उंचावर पडलेला ताजा बर्फही जानेवारीच्या बर्फाइतकाच दगा देऊ शकतो.

शिखराशी काही संबंध नसलेलेही सापडतात. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यावर गाड्या थांबवून बर्फात उतरलेल्या पर्यटकांपैकी सात जण गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गला, जिथे आपल्याकडची शेकडो कुटुंबे गोंडोलातून अफरवटला जातात, त्याच डोंगरावर दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्ते बांधणाऱ्या मजुरांची वस्ती गाडली गेली. ५४ मजुरांपैकी ४६ वाचले, त्यातल्या अनेकांना लोखंडी कंटेनरमधल्या हवेने तारले. उतार कुठेतरी वर होता, माणसे खाली होती. म्हणून तंबू कुठे टाकला आहे हा प्रश्न कुठून चालायचे याइतकाच महत्त्वाचा असतो.

हवेचा उल्लेख आला म्हणून गाडले गेल्यावर काय होते, तेही सांगतो. वाहताना बर्फ भुसभुशीत वाटतो, पण थांबता क्षणी घट्ट बसतो. त्यातून हातसुद्धा वर काढता येत नाही. बहुतेक मृत्यू थंडीने होत नाहीत, गुदमरून होतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले सुमारे नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण दहात तीनवर येते. सियाचीनमध्ये ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली, त्यात साताऱ्याच्या सुनील सूर्यवंशींसह दहा जवान गाडले गेले. धारवाड जिल्ह्यातले लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, कारण त्यांच्याभोवती हवेची पोकळी राहिली होती. पण ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनीही प्राण सोडला. अशी उदाहरणे मनात राहतात ती दुर्मीळ असतात म्हणूनच, त्यांच्यावर भरवसा ठेवून चालत नाही.

याचा अर्थ असा की, हेलिकॉप्टर किंवा बचाव पथक येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. वाचवणार तर बरोबर चालणारेच. त्यासाठी बर्फात जाणारे तीन वस्तू अंगावर बाळगतात : सतत संदेश सोडणारा आणि गाडलेल्याचा संदेश पकडणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोध घ्यायची घडीची लांब सळई, आणि फावडे. तिन्ही प्रत्येकाकडे हव्यात आणि वापरण्याचा सराव प्रत्येकाला हवा. एकट्या गाइडकडे असून भागत नाही, कारण गाडला जाणारा तोही असू शकतो.

धोक्याचा अंदाज आपल्या देशात मिळतो का? मिळतो. चंडीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था, म्हणजे ‘डीजीआरई’, जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड आणि सिक्कीमसाठी हिमस्खलनाचे इशारे काढते. १९६९ पासून मनालीला काम करणारी ‘सासे’ ही संस्था २०२० मध्ये हिच्यात विलीन झाली. माणाच्या दुर्घटनेआधी, आदल्या दिवशी संध्याकाळीच, चमोली जिल्ह्यासाठी इशारा निघाला होता. धोक्याच्या पाच पातळ्या मानतात. त्यांतली तिसरी ‘मधली’ म्हणून सोडून द्यावीशी वाटते, पण आल्प्समधला अनुभव सांगतो की सर्वाधिक बळी तिथेच जातात. चौथ्या-पाचव्या पातळीला माणसे घाबरून घरात बसतात, तिसरीला मात्र ‘बघू या जाऊन’ म्हणून निघतात.

आता केदारकंठ. ही वाट सांकरीहून निघून बरीचशी जंगलातून जाते. दाट झाडी बर्फ धरून ठेवते, हे तिच्या बाजूने आहे. झाडी संपल्यावर शिखराकडचे उघडे उतार लागतात, तिथे वर सांगितलेले सगळे लागू पडते. त्यामुळे मुलीला अडवायचे कारण नाही, पण पैसे भरण्याआधी ट्रेक नेणाऱ्यांना काही प्रश्न तिनेच विचारायला हवेत. डीजीआरईचा इशारा रोज कोण पाहते? फूटभर बर्फ पडला तर शिखराचा दिवस पुढे ढकलता का? उघडा उतार एकेकट्याने, अंतर ठेवून ओलांडायला लावता का, की फोटोसाठी सगळे एका रांगेत? तंबूच्या वर कोणता उतार आहे? शोधाची साधने किती जणांकडे आहेत? प्रश्न ऐकून समोरचा हसला, तर दुसरा गट शोधावा.

वाटेवर तिने स्वतः पाहायच्या खुणा अवघड नाहीत. आसपासच्या उतारावर नुकतेच सुटलेल्या बर्फाचे ढिगारे, पायाखालून ‘धप्प’ असा खोल आवाज येऊन बर्फ बसणे, पाऊल टाकताच पुढे धावणारी चीर, रात्रभर जोराचा वारा, एकाएकी वाढलेली ऊब. यातल्या पहिल्या तिन्ही म्हणजे उतार स्वतःच बोलतो आहे असे समजावे आणि आल्या पावली परतावे. गाइडला सांगायला संकोच करू नये. नवख्याने विचारलेल्या प्रश्नाने गट थांबला तर बिघडत नाही.

राहिले ऐकावे कुणाचे. काकांना सांगा, वर जाऊन खुशाल गप्पा मारू द्या, फक्त पाय कुठे ठेवतो ते पाहायचे. मुलीला सांगा, ऊन पाहून नव्हे, बर्फ पडून किती वेळ झाला ते पाहून निघायचे. आणि तुमच्याकडून एक गोष्ट तेवढी करा. अशा सहलींत माणसे धोका कळत असूनही पुढे जातात, त्याचे कारण बऱ्याचदा डोंगरात नसते. रजा संपत आलेली असते, पैसे भरलेले असतात आणि परतीची गाडी ठरलेली असते. तेव्हा तिचे परतीचे तिकीट दोन दिवस उशिराचे काढा. शिखर न करता परत आली तर ‘पैसे वाया गेले’ असे घरात कुणी म्हणायचे नाही, हेही आत्ताच ठरवून टाका.